खंडाचा दिवस

"सात दिवस तुम्ही कामावर नव्हता, बाई," खात्याचे वकील म्हणाले. "हजेरीपटच सांगतो."

साथीच्या वेळी तिला परिचारिका म्हणून घेतलं होतं. एकोणनव्वद दिवसांची नेमणूक, मग एक दिवस खंड, मग पुन्हा एकोणनव्वद दिवस. अशी दोन वर्षं. साथ ओसरली तसं 'उद्यापासून येऊ नये' असं पत्र हातात पडलं. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण खात्यानं फारच मनावर घेतली होती. आता सगळं खंडाच्या त्या सात दिवसांवर अडलं होतं. ते धरले तर नोकरी सलग आणि पक्की, नाही धरले तर घरी.

"लशीच्या फ्रिजची वही बघा, साहेब," ती म्हणाली.

फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ त्या वहीत लिहायचं असतं. दोनच्या खाली नको, आठच्या वर नको. दोन वर्षांत तिनं एक वेळ चुकवली नव्हती आणि त्याचा तिला अभिमान होता. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पानं उलटली. त्या सात दिवसांचेही आकडे होते, तिच्याच किरट्या अक्षरात. सहीचा रकाना मात्र कोरा.

"सही कुठाय?" वकिलांना हुरूप आला.

"खंडाच्या दिवशी सही करायची नाही असा हुकूम होता. फ्रिज बंद ठेवायचा हुकूम नव्हता."

"आकडे काय, मागाहूनही भरता येतात."

"मागाहून भरले असते तर सहीपण ठोकली असती की!"

मागच्या बाकावरून सासूबाई उठल्या. गप्प बसायच्या अटीवर सून त्यांना घेऊन आली होती.

"मी सांगते. दर वेळी हिला म्हणायची, सुट्टी दिलीय ना, मग बस घरी. ऐकेल तर शपथ! वर मलाच विचारते, लस नासली तर लोकांना तोंड कुणी दाखवायचं?"

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बरं, असं करू," ते म्हणाले. "ते सातही दिवस बाई स्वखुशीनं मदतीला आल्या, असं नोंदवू. म्हणजे वाद मिटला."

वकिलांनी इतक्या चटकन मान डोलावली की तिला काय ते कळलं. मदत म्हटली की ते दिवस नोकरीत धरायला नकोत. ती संतापली, पण आवाज चढू दिला नाही.

"मदत मी सासूबाईंना स्वयंपाकघरात करते, साहेब. तिथं मी कामावर होते. तसंच लिहा."

साहेब विचारात पडले. त्यांनी मान हलवायच्या आत कोपऱ्यातल्या टंकलेखिकेनं ते वाक्य टाइप करून टाकलं होतं.