मुदतीच्या आत

वाटीतल्या खिरीवर साय धरली तरी शौनकचा पत्ता नव्हता.

"घोडबंदरलाच अडकलाय अजून. पुढे ट्रेलर बंद पडलाय म्हणे," फोन ठेवत ऋजुता आईला म्हणाली. मांडीवरचं बाळ लाळेरं चावत होतं.

"उष्टावणाचा मुहूर्त बारापर्यंतच आहे," अण्णांनी पंचांगातून मान वर केली. "मामा नाही तर आजोबा. आण इकडे, मीच भरवतो."

ऋजुताने बाळाचं लाळेरं सारखं केलं. पहिला घास आपल्या भावाच्याच हातचा, या एका हट्टापायी ती सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन ब्रसेल्सहून डोंबिवलीला आली होती. उद्या परतीचं विमान. तिने भिंतीकडे पाहिलं. बाराला पाच कमी.

सोफ्यावर तिचे सासरे बसले होते. ल्यूक, युरोपियन कमिशनमधून बड्या सचिवपदावरून निवृत्त झालेले. अण्णा सोसायटीत ओळख करून देताना सरळ सांगायचे, "आमचे व्याही. अख्ख्या युरोपचे चीफ सेक्रेटरी."

नेमकं अडलंय कुठे, असं ल्यूकनी तिला इंग्रजीत विचारलं. तिने सांगितलं. ते उठले, खुर्ची ओढून तिच्यावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून खिशात टाकला.

"अगं बाई, हे काय करतायत?" आई म्हणाली.

ते शांतपणे बोलत राहिले, ऋजुता मराठीत सांगत राहिली. "म्हणतायत, मासेमारीच्या कोट्यावरून मंत्री भांडत बसायचे आणि मुदत संपत यायची. मग हे असंच घड्याळ थांबवायचे. एवढे देश समोर, पण कोणी हू की चू करत नसे. यांचा एकही करार मुदतीबाहेर झालेला नाही."

आता अण्णा भडकणार. तिने बाळाला जवळ ओढलं.

अण्णांनी पंचांग मिटलं. मनगटावरचं घड्याळ सोडवून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"त्यांना सांग, आमच्या ऑफिसातला एकतीस मार्चही दोन-दोन दिवस चालायचा. बिलं पास होईपर्यंत."

तिने सांगितलं. ल्यूक एवढे हसले की बाळही दचकून हसलं. आई खीर पुन्हा कोमट करायला आत गेली.

बऱ्याच वेळाने शौनक घामाघूम होऊन दारात उभा राहिला. "सॉरी ताई. मुहूर्त गेला ना?"

"आधी हात धू," अण्णा म्हणाले. "पाच मिनिटं आहेत अजून."