न धुतलेलं लुगडं

"लुगडं धुतलंस की काय?" जमादाराने आधी तेवढंच विचारलं.

"नाय," चिमा म्हणाली.

हरिश्चंद्र जमादाराने टाक खाली ठेवला. वीस वर्षांच्या नोकरीत हे उत्तर तो पहिल्यांदाच ऐकत होता. बाया आधी विहिरीवर जातात, डोक्यावरून पाणी घेतात, लुगडं दगडावर आपटून आपटून धुतात आणि मग रडत चौकीवर येतात. त्यांचं तरी काय चुकतं? असला विटाळ घरात कोण ठेवील? पण धुतलेलं लुगडं कोर्टात कोणी विचारीत नाही.

चिमाने अंघोळ केली होती. लुगडं मात्र तसंच बोचक्यात बांधून ठेवलं होतं. खोताच्या पुतण्याने तिला खळ्यामागे गाठलं, त्याला दोन दिवस झाले होते. झटापटीत त्याचा ओठ फुटला होता. ते रक्त, आणि बाकीचं जे होतं ते, सगळं लुगड्यावर होतं.

"ओरडली का नाहीस?"

"तोंड दाबलान."

"आधीचं बोलणंचालणं होतं त्याच्याशी?"

हे प्रश्न जमादार सगळ्याच बायांना विचारी, तांदळातले खडे निवडावेत तसे, मान वर न करता.

"नवरा कुठे असतो?"

"मुंबयला. गिरणीत."

"मग तो आला की ये. त्याच्या अंगठ्याशिवाय मी फिर्याद लिहीत नाही. उद्या तो म्हणाला, आमची काही तक्रार नाही, तर खोताशी वैर मी घेऊन बसू?"

कायद्यात असं कुठे लिहिलं होतं देव जाणे, पण त्या चौकीत कायदा जमादाराचा होता. चिमा उठली तेव्हा मात्र त्याला काय वाटलं कोण जाणे, आवाज उतरवून तो म्हणाला, "लुगड्याला पाणी लावू नको. तुझ्या शब्दावर कोर्ट हलायचं नाही. ते मुंबईला सरकारी तपासणीला गेलं, तर तुझ्या वतीने तेच बोलेल."

त्या दिवसापासून चिमा वाट बघू लागली.

वाट बघणं तिला नवं नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि त्यातले शिवाबरोबरचे दिवस एकत्र केले तर सहा महिनेही भरले नसते. आधीची वाट गोड असायची. शिमग्याला तो येणार, म्हणून ती पौषातच पापड करायला घ्यायची. आता त्या वाटेने तिची झोप नेली होती. पत्र लिहायला शाळामास्तर तयार होते, पण असली गोष्ट मास्तरांना सांगायची कशी? "लवकर या" एवढंच तिने लिहून घेतलं.

सासू गंगुबाई रोज तोंड सोडायची. "जाळ ता लुगडा. घरात विटाळ पोसलास."

चिमा बोचकं कधी कणगीमागे लपवी, कधी गवताच्या उडवीत. शेवटी तिने ते माळ्यावरच्या फुटक्या रांजणात घातलं आणि वर सुपं रचली. सासूचे गुडघे धरलेले, तिला शिडी चढवत नसे.

शिमगा चार दिवसांवर आला आणि आगबोट लागली. चिमा सकाळपासून मांडवीच्या धक्क्यावर उभी होती. आगबोटीवरून आलेल्या पडावांतून माणसं उतरत होती, आणि प्रत्येक टोपीखाली तिला शिवाच दिसत होता. तो उतरला तो शेवटच्या पडावातून. फार वाळला होता.

गावाच्या वाटेवर तिने सगळं सांगितलं. चार पावलं मागे राहून, त्याच्या पाठीला सांगितलं. तोंडाकडे बघून ते जमलं नसतं. शिवा थांबला. आता हा असाच परत बोटीवर जातो, असं तिला वाटलं.

"तू जेवलीस काय गो सकालपास्ना?" त्याने विचारलं.

चिमाला तीन महिन्यांचं रडू तिथेच आलं.

घरी त्याने ट्रंकेतून साबणाची वडी काढून तिच्या हातात दिली. चंदनाच्या वासाची, रंगीत कागदातली. वाडीत सगळा कारभार राखेवर नि रिठ्यांवर चालायचा. चिमा ती वडी नुसती हुंगून ठेवून देई.

"आये, तिला काय बोलायचा नाय," तो आईला म्हणाला. "मी हाय."

आपण उगाच भ्यालो, असं चिमाला वाटलं.

जमादार वरच्या साहेबाच्या तपासणीच्या गडबडीत होता, म्हणून सोमवारी जायचं ठरलं. "आयशीपासून जप ता लुगडा," शिवा म्हणाला. तेव्हा तिने त्याला माळ्यावरचा रांजण दाखवला. नवऱ्याला नाही दाखवायचा तर कोणाला?

शनिवारी ती खाडीवर कालवं काढायला गेली. शिवाला कालवांचं कालवण फार आवडे. एरवीसारख्याच बाया तिला टाळून बाजूला सरल्या, पण आज तिला त्याचं काही वाटलं नाही. उन्हं कलता ती परतली, तेव्हा शिवा ओल्या केसांनी अंगणात बसला होता.

"अर्धी वडी झिजवलीत?" ती म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली.

"गिरणीचा कापूस कातड्यात शिरलाय गो. निघता निघत नाय."

सोमवारी शिवा चौकीत जमादारासमोर ताठ उभा राहिला. "लिवा फिर्याद. मी आंगठा देतंय."

चिमाने त्याच्याकडे बघितलं. याच दिवसासाठी आपण जगलो, असं तिला वाटलं.

जमादाराने दोन पंच बोलावले, कागद पुढे ओढला आणि बोचक्याची गाठ सोडली. लुगड्याची घडी उचलून त्याने ती झटकली, आणि चौकीभर चंदनाचा वास सुटला.