पॅकिंगला

प्रेस मशीनखाली दोन्ही हातांची बोटं गेली, तेव्हा त्याने भरपाईसाठी तक्रार केली. सुपरवायझर घरी येऊन म्हणाला, “तक्रार मागे घे, वहिनींना कामावर घेतो.” घरची चूल विझू नये म्हणून त्याने ती मागे घेतली.

पहिल्या दिवशी बायको कामावरून परतली.

“कुठे बसवलं गं?”

“पॅकिंगला. राणीसारखं खुर्चीत बसून खोकी चिकटवायची.”

“देव पावला!” त्याने बँडेजमधले हात जोडले. “त्या प्रेसला जाळी नाही. तिकडे फिरकूसुद्धा नकोस.”

“मी कशाला मरायला जातेय तिकडे?” म्हणत तिने पहिला घास त्याच्या तोंडापाशी नेला.

साबणाने चोळचोळून धुतलेल्या तिच्या बोटांना प्रेसच्या तेलाचा वास येत होता. त्याने मुकाट्याने तोंड उघडलं.