जोडीचा कॅम

"दोघांचं ओझं गाडीला घाटात झेपत नाही," हे वीरेंद्रचं ठरलेलं पालुपद. त्यामुळे लग्नाला चौदा वर्षं होऊनही सुचिता त्याच्या मोटरसायकलवर कधी बसली नव्हती. दर दिवाळीनंतर तो एकटाच हिंडून येई. यंदा इंजिनाचा जोर वाढवून नवऱ्याचं तोंडच बंद करायचं म्हणून तिनं गुपचूप गाडी सौसरच्या मिस्त्रीकडे दिली. त्यानं इंजिनाचा जोर ठरवणारे दोन नवे दांडे, कॅमशाफ्ट, पुढ्यात ठेवले. "वहिनी, हा एकट्यानं पळवाले, हा जोडीनं घाट चढाले. कोणता टाकू?" "जोडीचा," ती लाजत म्हणाली. मिस्त्रीनं इंजिनातला जुना कॅम काढला, नव्याशेजारी धरला आणि हसला. "याच्यात त पहिलेच जोडीचा बसवून हाय जी! घासून बी गेला. लय फिरले तुमी दोघं!" सुचितानं तेलकट कॅम हातात घेऊन त्याच्या घासलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "मंग आता कोणता टाकू?" तिनं कॅम खाली ठेवला. "एकट्याचा."