उजव्या हाताचं कडं

"डावा नको गं मावशी, उजवा दे! डाव्यात आधीच ढीगभर बांगड्या आहेत."

वत्सलामावशीने उजवा हात झटकन पदराखाली नेला. भावनाला हसू आलं. बोईसरला भावनाच्या दारात मासे विकायला बसून आईशी पापलेटाच्या भावावरून कडाकडा भांडणारी मावशी चक्क लाजतेय?

मावशीला हे कडं द्यायला भावना मुद्दाम तिच्या गावी, दातिवऱ्याला आली होती. बाबांच्या चांदीकामाच्या दुकानात बसून तिने ते स्वतः घडवलं होतं. त्यात हिरव्या काचा जडवल्या होत्या, सुट्टीत याच किनाऱ्याच्या वाळूतून वेचलेल्या. 'समुद्रातला कचरा' या विषयावरच्या शाळेच्या प्रदर्शनात तिच्या दागिन्यांचा पहिला नंबर आला आणि तेव्हापासून बाईसाहेब कुणाला सोडत नव्हत्या. आत्ता येतानासुद्धा एका काकांना तिने पाण्यात फेकलेली बाटली परत आणायला लावली होती.

"बाटल्यांच्याच काचा, पण गंमत बघ, मला वळण द्यावंच लागलं नाही. आधीच गोलसर! चांदीत अश्शा चपखल बसल्या."

मावशीने कडं उन्हात धरलं. तिचा चेहरा उतरला.

बाकीच्या बोटी सकाळीच किनाऱ्याला लागल्या होत्या. मावशीच्या नवऱ्याची, महादूकाकांची बोट तेवढी आली नव्हती. मावशी मघापासून वाळूत बसून होती ती त्यासाठीच. कडं बघून तिला जरा बरं वाटेल, असं भावनाला वाटलं होतं.

"नाही आवडलं? तुझा हा हात कायम रिकामा असतो, म्हणून मी..."

"रिकामा नाय, पोरी. लग्नात आमी ह्या हातातल्या बांगड्या दर्याला देतो. माझ्या नवऱ्याला सांभाळ म्हणून." मावशीने कड्यातल्या हिरव्या काचेवर बोट ठेवलं. "दर्याला दिलेलं तू काढून आनलंस."

भावनाचं डोकं चालेना. काचा बाटलीच्या की बांगडीच्या? बांगडीच्या असल्या तरी मावशीच्याच कशावरून? आणि काचेचा नि बोटीचा संबंध तरी काय? विज्ञानाच्या बाई हसल्या असत्या. तिने समुद्राकडे पाहिलं. दूरवर एक ठिपकासुद्धा दिसत नव्हता.

तिने मावशीच्या हातातून कडं घेतलं, धावत गुडघाभर पाण्यात गेली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ते लांब भिरकावलं.

मागे वाळूत ते काका ओली बाटली हातात धरून तिच्याकडे बघतच राहिले.