लांब रांग

क्लीव्हलंड विमानतळावर तपासणीची साधी रांग सातव्या वळणाला पोचली होती. शेजारची झटपट रांग मोकळी. तिथं बूट काढायचे नाहीत, बॅग उपसायची नाही. आधी पैसे भरून नाव नोंदवलेले लोक सुळकन पलीकडे.

"तुझ्या आईला एवढं जमलं नाही होय, तुझं नाव घालायला?" वेंडेल रांगेच्या कडेला ताणलेल्या पट्ट्याच्या अलीकडून पुटपुटला. त्याच्याकडे तिकीट नव्हतं. पट्ट्याच्या कडेकडेनं लेकीबरोबर एकेक पाऊल सरकायचं, एवढीच त्याला मुभा.

कोरिननं पायानं बॅग पुढे सरकवली. सोळाव्या वर्षी पोरं बापाशी बोलतात कुठे? सुट्टीचे सहा आठवडे ती त्याच्या घरी राहिली, आणि सहाही आठवडे कानांत गाणी. आता बोस्टनला आईकडे. पुढची भेट थेट नाताळात. जाताना तरी तिच्या तोंडून एखादा गोड शब्द निघावा म्हणून बिचाऱ्याचा जीव तळमळत होता.

"पोचलीस की फोन कर हं."

"हं."

मागून एक म्हातारी धापा टाकत आली. कोरिननं तिला पुढे घेतलं. मग एका तान्ह्या बाळवालीला. मग आरामात पेपर वाचत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनाही म्हणाली, "तुम्ही व्हा ना पुढे."

"अगं ए धर्मात्मे! विमान चुकेल!" वेंडेल वैतागला.

"नाही चुकत. तू हे खा. सकाळपासून नुसती कॉफी ढोसतोयस." तिनं आपलं सँडविच अर्धं मोडून पट्ट्यावरून त्याला दिलं. दोघं खात खात सरकत राहिले.

शेवटी टेबल आलं. तिथल्या गणवेशातल्या बाईनं कोरिनचं ओळखपत्र यंत्रात घातलं, पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! तुझं नाव तर झटपट रांगेत आहे. तासभर इथं कशाला ताटकळलीस? कुणी सांगितलं नाही का तुला?"

"माहितीये मला," कोरिन म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

वेंडेलच्या हातातला तुकडा हातातच राहिला. डोळे भरून आले मेले, ऐन वेळेला.

बाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग चष्मा काढून सावकाश पुसला, आणि ते ओळखपत्र पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं.