ओव्हर म्हणा, बाई!

"अहो, फोन त्यांच्या हातात देण्याआधी एवढं एकदा सांगा! बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं!" मर्ल टायडन ओरडला. "त्या ओव्हर म्हटल्याशिवाय मला खटका फिरवता येत नाही, आणि खटका फिरवल्याशिवाय पोराला बोलता येत नाही. किती वेळा सांगायचं माणसाने?"

"सांगते हं," ओपल म्हणाली. ही व्हिएतनामला युद्धावर गेलेल्या ड्वेनच्या आईची शेजारीण. दर वेळी फोन तीच उचलायची आणि दर वेळी हेच म्हणायची.

मर्लने कपाळाला हात लावला. शनिवारची सकाळ तो नेब्रास्कातल्या आपल्या तळघरात काढायचा. तिकडच्या लष्करी तळावरचा आवाज रेडिओवर पकडायचा, इकडच्या टेलिफोनला जोडून द्यायचा. पदरचं वीजबिल भरून! माणशी मोजकी मिनिटं, तिकडे पोरांची रांग, आणि ऊन चढलं की आवाज बुडालाच म्हणून समजा.

त्यात आज ड्वेनचं काम अडलेलं.

"काका, आजच साहेबांना उत्तर द्यायचंय," त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. "अजून सहा महिने राहा म्हणतात. आईला माझी गरज असेल तर मी सरळ घरी येतो. तेवढं विचारू द्या मला. मागच्या वेळी तिने तोंडच उघडू दिलं नाही. ओव्हर."

आईने फोन घेतला आणि गाडी सुटली.

"ड्वेन, मका छान आलाय. पाद्रीबाबांच्या पायाला प्लास्टर घातलंय. चर्चमधलं गाणं सोडलं मी, कंटाळा आला. पिंजऱ्यातली कॅनरी पलीकडच्या पोरींना देऊन टाकली, उगाच तिचं खाणं-पिणं कोण बघणार…"

मागे किटली शिट्टी मारत होती. थांबायचं नाव नाही.

"बाई, ती किटली उतरवा! आणि ओव्हर म्हणा!" मर्लने मध्येच तोंड घातलं.

"…आणि हो, तुझ्या मामाने नवा ट्रॅक्टर घेतला. लाल."

"खड्ड्यात गेला ट्रॅक्टर!" मर्ल किंचाळला. बाई ढिम्म. कुणाची तरी पावलं धावली, शिट्टी बंद झाली, मामाचा ट्रॅक्टर चालूच. असली बाई जन्मात पाहिली नव्हती त्याने. पोरगं युद्धावर, आणि हिला आपलंच दळण!

"…तर असं आहे सगळं. ओव्हर."

मर्ल खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. त्याने झटकन खटका फिरवला.

"आई, नीट ऐक," ड्वेनचा आवाज खरखरीतून आला. "मला अजून सहा महिने राहायला सांगतायत. तुला मी घरी हवा असेन तर सांग, लगेच निघतो. लाजू नकोस. खरं सांग. ओव्हर."

खटका.  

"मी अगदी ठणठणीत आहे रे बाळा. माझी काळजी करू नकोस. तू तुझं बघ. ओव्हर."

मर्लने पुन्हा खटका फिरवला.

"बरं. मग करतो सही. सांभाळून राहा, आई. ओव्हर."

पुढचं काही आलंच नाही. आवाज बुडाला. मर्लने बटणं फिरवून पाहिली, मग सोडून दिलं. काम तर झालं होतं.

फोनवर पुन्हा ओपल आली.

"शाबास!" मर्ल म्हणाला. "एकदाचं सरळ उत्तर दिलं त्यांनी. एवढंच तर हवं होतं पोराला."

"उत्तर?" ओपल घुटमळली. "अहो, ती कसलं उत्तर देणार? हिवाळ्यातल्या तापात तिचे दोन्ही कान गेले. पोराला कळू द्यायचं नाही म्हणून शपथ घातलीय आम्हाला. मी दंडाला चिमटा काढला की थांबते, फोनमधली खरखर थांबली की मी परत काढते, मग बोलते. तुम्ही एवढे मागे लागलात, म्हणून 'ओव्हर' तेवढं आज पढवलं."

मर्लने रेडिओकडे पाहिलं. नुसती खरखर.

"बरं, काय विचारलं त्याने?" ओपल म्हणाली. "पाटीवर लिहून दाखवते तिला."